ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर

नागपूर, धर्मशाळा, खोली क्रमांक ११
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

ती. रेणूताईस प्रफुलचा नमस्कार.

उद्या खुशाल भाऊजी भाजीची गाडी खाली करून इकडे येतील, तेव्हा हे पत्र त्यांच्या हाती देतो. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण खोली एकच आहे आणि दादाचे कान चांगले आहेत. मेसेज करावा तर माझा फोन दिवसभर त्याच्याच हातात असतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत झालेल्या आपल्या नाटकाचं रेकॉर्डिंग तो परत परत लावतो. शिवाय लिहिलं की माझं डोकं जागेवर राहतं. लग्नपत्रिकांच्या दुकानात सहा वर्षं प्रुफं तपासल्याची सवय असेल.

तू तालमीला नव्हतीस, म्हणून आधी ते सांगतो. २८ सप्टेंबरला आपल्या केशोरीच्या शाळेत तालीम होती. दादाचं तिसऱ्या अंकातलं मोठं भाषण सुरू होतं आणि तो मधेच थांबला. मी प्रॉम्प्टर, वही माझ्या हातात. वाक्य दिलं. परत दिलं. तिसऱ्यांदा इतक्या जोरात दिलं की दिग्दर्शन करणारे देवानंद मास्तर माझ्यावरच ओरडले, "बहिरा आहे का गा तो?" दादा माझ्याकडे पाहत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग उजवा हात थरथरला आणि तो खाली बसला. नवरात्राचे उपास म्हणून चक्कर आली, असं आम्ही समजलो.

ती चक्कर नव्हती, हे इथल्या तपासणीत कळलं. गाठ डाव्या कानाच्या वर, आत मेंदूत आहे. लिंबाएवढी. मोठे डॉक्टर म्हणतात, ती बोलण्याच्या जागेला अगदी खेटून आहे. म्हणून ऑपरेशन १९ तारखेला दादाला जागं ठेवून करणार. ताई, हे वाचून घाबरू नको, मी तुझ्या वाटचंही घाबरलो आहे. आधी झोपवतात, कवटी उघडतात, मग उठवतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही म्हणे. डॉक्टर एका बारीक तारेने हलका करंट एकेका जागी लावतात आणि त्याच वेळी दादाला चित्रं दाखवतात. जिथे शब्द अडला, तिथे नंबरचा इवलासा कागद ठेवतात आणि ती जागा कापत नाहीत. बाकीची गाठ काढतात.

दादा त्यांना म्हणाला, "डोस्कं उघडं आणि मी बोलत राहू? आमच्या मंडळात असा रोल कोणीच घेतला नाही जी." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

आज रीता मॅडमनी त्याची परीक्षा घेतली. त्या बोलण्याच्या तज्ज्ञ आहेत, ऑपरेशनच्या वेळी त्याच समोर बसणार. ऐंशी चित्रं होती. दादाची अठ्ठ्याहत्तर बरोबर आली. जहाजाचा लंगर आणि होकायंत्र ही दोन तेवढी चुकली, पण ती मलाही ओळखता आली नव्हती. त्याला धीर वाटावा म्हणून मॅडमनी मला मागच्या खुर्चीत बसू दिलं होतं. मॅडम खूश होत्या. आईला आणि संध्या वहिनीला अठ्ठ्याहत्तर सांग. बाकीचं सांगू नको.

तुझा,
प्रफुल


तिरोडा
सोमवार, १० नोव्हेंबर

प्रफुल,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून आईला फोन केला, अठ्ठ्याहत्तर सांगितलं. आईने देवाजवळ साखर ठेवली. वहिनी धान कापणी सोडून बांधावर बसून रडली म्हणे, आनंदाने.

मग सायंकाळी दादाशी फोनवर बोलली. विचारलं, काय जेवलास? तर म्हणते, "वरण अन् ते… ते पांढरं गा… आपण लावतो ते." भात, प्रफुल. आपला दादा धान लावणारा माणूस, त्याले भात म्हणता आलं नाही. आणि तू लिहितो अठ्ठ्याहत्तर.

मग परत पत्र काढून वाचलं. लंगर अन् होकायंत्र. तुले जी दोन आली नाहीत, नेमकी तीच दोन त्याले आली नाहीत? दुसरी एकही नाही? मी आशा वर्कर आहे. रोज वीस घरी जाते अन् वीस घरचे लोक गोळी घेतली म्हणून मले सांगतात. खोटं कुठून निघते ते मले माहीत आहे. आणि मी तुझी ताई आहे. तू त्या मागच्या खुर्चीत बसून काय करत होतास?

खरं लिही. सासूबाईचा पाय प्लास्टरात आहे म्हणून मी अडकून आहे, नाही तर गाडीत बसून आली असती आणि समोरच विचारलं असतं. उद्या हे तिकडे दोन तास थांबतील. तेवढ्यात उत्तर लिहून दे.

रेणू


नागपूर
मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपारी पावणेएक

ती. ताई,

भाऊजी खाली चहा घेत आहेत. दादाला आंघोळीला पाठवलं आहे.

तू बरोबर ओळखलंस. मॅडमच्या टेबलावर कॉम्प्युटरचे दोन पडदे होते, एक दादासमोर आणि एक त्यांच्यासमोर. मी त्यांच्या पाठीमागे. त्यांचा पडदा मला दिसायचा आणि दादाचा चेहराही. पहिली चार चित्रं त्याने सांगितली. पाचवं कुलूप होतं. तो थांबला आणि मॅडमच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, जसं तो स्टेजवरून विंगेत पाहतो तसं. मी ओठ मोठे करून, आवाज न काढता म्हटलं, कुलूप. त्याने शब्द उचलला.

आम्ही काहीही ठरवलं नव्हतं, ताई, आईची शपथ. बारा वर्षं तो पाहतो आणि मी देतो. मान वळायच्या आधी माझे ओठ हलतात. पंधराव्या चित्रानंतर मला कळत होतं की हे चुकीचं आहे, पण मला वाटलं की हा नापास झाला तर डॉक्टर जागं ठेवून ऑपरेशन करणारच नाहीत. झोपवून करतील आणि जे जाईल ते जाईल. बाहेर आल्यावर दादा एवढंच म्हणाला, "जमलं गा." मीही म्हटलं, जमलं.

आता भीती अशी आहे. मॅडमनी मला ऑपरेशनची पद्धत कागदावर दिली होती. ती मी वहीत उतरवून काढली, आणि तिसऱ्यांदा उतरवताना हात थांबला. त्यात लिहिलं आहे, रुग्णाला आधीपासून जी चित्रं येत नाहीत ती काढून टाकावी. म्हणजे आत फक्त येणारीच चित्रं दाखवायची. शब्द अडला की तो तारेमुळेच अडला, असं समजायचं. आता दादाला न येणारी किती तरी चित्रं त्या यादीत माझ्यामुळे राहिली आहेत. तिथे मी नसणार. दादा अडेल आणि डॉक्टरांना वाटेल, ही बोलण्याची जागा. ते सोडतील आणि गाठ राहील. नाही तर तो प्रत्येक ठिकाणी अडेल आणि खरी जागा कोणती हेच त्यांना कळणार नाही. मग तीच कापली जाईल.

आणि सांगितलं तर ते ऑपरेशन रद्द करतील. मी दोन्हीकडून विचार करतो आणि दोन्हीकडून एकाच ठिकाणी येतो. काल रीता मॅडम जिन्यात भेटल्या, "भाऊ ठीक आहे ना?" म्हणाल्या. मी हो म्हटलं.

दादा आला. थांबतो.

प्रफुल


तिरोडा
गुरुवार, १३ नोव्हेंबर

प्रफुल,

काय गा हे. नाटकाचा प्रयोग आहे का तो? पडला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी परत करता येते?

हे पत्र तुले उद्या दुपारी भेटेल. भेटल्याबरोबर मॅडमकडे जा. दादाले विचारू नको, आईले विचारू नको, मले परत पत्र लिहून विचारू नको. ऑपरेशन रद्द केलं तर करू दे. खोट्या यादीवर त्याचं डोस्कं उघडण्यापेक्षा बरं. हे तिथेच थांबतील, तू आत जाऊन आल्यावरच गाडी काढतील. मी तसं त्यांना सांगितलं आहे. ते तुझ्यासारखे भित्रे नाहीत पण मले भितात.

आणि एक. तू वाईट नाहीस. पण जा.

रेणू


नागपूर
सोमवार, १७ नोव्हेंबर

ती. ताई,

शुक्रवारी भाऊजींनी तुला तोंडी सांगितलंच असेल की मी आत गेलो. बाकीचं लिहितो.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रीता मॅडमनी जुन्या निकालाचा कागद काढून त्यावर आडवी रेघ मारली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तुमची परीक्षा घेतली. तुमच्या भावाची घेतलीच नाही." मग मला बाहेर पाठवून दादाला बोलावलं. दाराला काच होती, तिच्यावर त्यांनी कागद चिकटवला.

पन्नास मिनिटं लागली. ऐंशीपैकी सत्तेचाळीस.

तेहेतीस शब्द, ताई. तेहेतीस वेळा तो अडला आणि मी दाराबाहेर होतो. बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. जिन्यापर्यंत माझ्या पुढे चालत गेला. मग म्हणाला, "काऊन सांगितलं गा?" मी म्हटलं, तू आत अडला तर मी नसणार. तो म्हणाला, "तेच तर. तू नसणार. मंग मी कोणाकडे पाहू?" आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच मला दिसलं की दादा घाबरला आहे. आतापर्यंत मला वाटत होतं, मी एकटाच.

मी मॅडमना विचारलं, मग तो तीन पानांचं भाषण एका दमात कसं म्हणतो? रोज म्हणतो. त्या म्हणाल्या, पाठ असलेलं म्हणणं वेगळं आणि समोरच्या वस्तूसाठी शब्द शोधून आणणं वेगळं. त्या भाषणानेच तुम्हा सगळ्यांना फसवलं.

ऑपरेशन रद्द नाही. मोठे डॉक्टर रागावले, मला पाहून नजर फिरवतात, पण सत्तेचाळीस चालतील म्हणाले, मात्र तीच सत्तेचाळीस लागोपाठ तीन दिवस बरोबर यायला हवीत. काल तिसरा दिवस होता. एक्केचाळीस पक्की राहिली. कमी वाटली म्हणून मॅडमनी घरच्या वस्तूंचे फोटो मागवले. वहिनीने केशोरीहून बावीस पाठवले. विळा, सूप, बैलबंडी, चुलीवरचा दुधाचा गंज, आईचा अडकित्ता. दादाने आज अठरा सांगितले. धानाच्या शेताचा फोटो आला तेव्हा म्हणाला, "बांधी." मॅडमना कळलं नाही. दादा त्यांना समजावून सांगू लागला, की बांध घालून पाणी अडवलं की झाली बांधी, अन् ही खालची आमची, यात पाणी शेवटपर्यंत राहते. मॅडमनी तसंच लिहून घेतलं. एकोणसाठ झाली.

परवा सकाळी साडेआठला नेणार. डोक्याचे केस आज काढले. दादा आरशात पाहून म्हणाला, "खलनायकाचा रोल देईल देवानंद मास्तर." मी हसलो. मग संडासात जाऊन उभा राहिलो.

त्याने मला विचारलं, बाहेर कुठे बसशील? मी म्हटलं, दारासमोरच. म्हणाला, "ओठ नको हलवू. तिथूनही हलवशील तू."

तुझा,
प्रफुल


नागपूर
गुरुवार, २० नोव्हेंबर

ती. ताई,

फोनवर तुला 'झालं, ठीक आहे' एवढंच सांगितलं. आई तुझ्याजवळून ऐकेल म्हणून. आता सगळं लिहितो, हे एकटीने वाच.

काल साडेआठला नेलं, तीन वाजून दहा मिनिटांनी रीता मॅडम बाहेर आल्या. त्या खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांच्या गालावर मास्कचे वळ होते. त्यांनी जे सांगितलं ते मी लगेच वहीत घेतलं.

दादा उठवल्यावर आधी पाणी मागत होता. मग चित्रं सुरू झाली. पहिली वीस न अडता. विळ्याच्या फोटोला अडला, डॉक्टरांनी तार काढली, तो लगेच "इळा" म्हणाला. परत तार लावली, परत अडला. त्या जागी एक नंबरचा कागद ठेवला. असे चार कागद झाले. पाचव्या जागीही अडला, कागद ठेवला, पण मॅडम म्हणाल्या, इथे काही तरी वेगळं झालं. तार काढली तरी तो बोलेना. मॅडमकडे पाहीना. त्यांच्या खांद्यामागे पाहत राहिला.

मॅडमना कळलं तो कोणाला शोधतो आहे. त्या म्हणाल्या, "योगराजभाऊ, मागे कोणी नाही. तुम्ही आणि मीच."

सगळे थांबले होते. मॅडम म्हणतात अर्धा मिनिट, पण तिथे तो फार मोठा असतो. मग दादा म्हणाला, "ठाऊक आहे जी." आणि चित्राकडे वळून म्हणाला, "सूप."

गाठ बरीचशी निघाली. त्या पाच कागदांखालची द्राक्षाएवढी ठेवली आहे. तिच्यावर पुढे औषध आणि लाईटची, म्हणजे रेडिएशनची, ट्रीटमेंट आहे, पूर्ण बरा होईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी दोनदा विचारलं.

पण ताई, आज सकाळपासून तो बोलत नाही. काल रात्री 'हो' म्हणाला होता, आज तेही नाही. मी समोर उभा राहिलो तर माझ्याकडे पाहतो, डोळ्यांत सगळं आहे, तोंडात काहीच नाही. डॉक्टर म्हणतात सूज आहे, तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते, मग उतरते. मॅडमही तेच म्हणतात. पण मला वाटतं, मी आठ दिवस उशीर केला, त्याच आठ दिवसांत काही तरी गेलं असेल तर? हे मी कोणाला विचारू? मॅडमना विचारलं तर त्या नाहीच म्हणतील, त्या चांगल्या आहेत.

प्रफुल


तिरोडा
सोमवार, २४ नोव्हेंबर

प्रफुल,

आठ दिवसांचं ओझं तू एकटा घेऊ नको. माझे आठ महिने आहेत.

फाल्गुनात दादा आमच्याकडे आला होता. चहा पिताना म्हणे, "ते दे ना, ज्यात ठेवतात…" मी बशी दिली. मग मोटारसायकलची किल्ली मागायला "ते चालू करायचं" म्हणाला. मी दिली आणि हसून म्हटलं, काय गा, म्हातारा झालास का? मले माणसं तपासायचं शिकवलं आहे. मी दुसऱ्याच्या घरी विचारलं असतं, कधीपासून होते असं? आपल्या दादाले नाही विचारलं. फोनवरही तो थांबला की मी शब्द टाकत होती. काल वहिनीशी बोलली तर तीही तेच करत होती, आईही. त्याने तोंड उघडायचं अन् आम्ही हातात द्यायचं. तू एकटा प्रॉम्प्टर नाही, सगळं घरच विंगेत उभं होतं.

म्हणून आता ऐक. तो बोलू लागेल तेव्हा अडेल. तू शब्द द्यायचा नाही. मॅडम देतील तर देऊ दे, त्यांना कधी द्यायचा ते कळते. तू तोंड मीट. नाही जमलं तर खोलीबाहेर जा.

त्याच्या उशाशी आईने दिलेला अंगारा ठेव. मी मानत नाही पण ठेव.

रेणू


नागपूर, धर्मशाळा
सोमवार, १ डिसेंबर

ती. ताई,

गेल्या मंगळवारी दादा "पाणी" म्हणाला, हे तुला फोनवर सांगितलं. त्यानंतर रोज काही तरी येतं आहे. वस्तू लवकर येतात. विळा, चादर, गोळी. भातही आला. नावं येत नाहीत. शनिवारी वहिनी येऊन गेली, तिचा हात धरून बसला, लेकरांचं विचारलं, पण नाव घेतलं नाही. ती जिन्यात रडली आणि तोंड धुऊन परत आली. मला तो "गा" म्हणतो. मॅडम म्हणतात, नावं सगळ्यांत शेवटी येतात, काही येणारही नाहीत. वाट पाहायची.

मी शब्द देत नाही. परवा त्याला कंगवा हवा होता. डोक्यावर केस नाहीत पण हवा होता. सहा मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होतो आणि ओठ दाताखाली धरले होते. सापडल्यावर तो माझ्यावर ओरडला, "तुले ठाऊक होतं!" मी म्हटलं, होतं.

काल तुला लिहायला बसलो तर त्याने पेन मागून घेतला. दीड तास लागला. ते पान सोबत आहे. मी शुद्धलेखन तपासलेलं नाही.

प्रफुल


रेणू

मी बसून लिहून राहिलो. हात ठीक आहे. डोकं जड आहे. मले भीती लागते, पहिले नव्हती लागत, आता लागते. झोपताना वाटते सकाळी अजून कमी होईल. पण सकाळी मोजतो तर तेवढेच राहतात, कधी एक जास्त.

तू कोण आहे ते मले ठाऊक आहे. तू माझ्याहून लहान. तिरोड्याले दिली. मले आंब्याच्या झाडावरून पाडलं होतं आणि घरी सांगितलं मी आपोआप पडलो. नाव नाही येत. म्हणून वर जागा सोडली. हा बाजूले बसून आहे, याले ठाऊक आहे, सांगत नाही. चांगलं करतो.

आलं की लिहीन.

तुझा दादा


ताई, हे खालचं मी आज लिहितो आहे, २ डिसेंबर, भाऊजी खाली आले आहेत. दादाचं पान काळ्या पेनाने आहे आणि वरचं तुझं नाव निळ्या. तो निळा पेन रीता मॅडमचा, काल त्या इथे दादाला पाहायला आल्या तेव्हा टेबलावर विसरून गेल्या होत्या. नाव आज सकाळी लिहिलं आहे. मी चहा घेऊन आलो तेव्हा पान घडी करून उशीखाली होतं.

मी खोलीत नव्हतो.